अठ्ठेचाळीस मिनिटं

सन्मती हे नाव घरच्यांनी ठेवलं
तेव्हा कुणाला विनोद करायचा नव्हता.
तो भोकरे मास्तरांनी केला, पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात,
आणि दहावीपर्यंत पुरवून वापरला.

आता मी त्रेचाळीस वर्षांचा. मार्केट यार्डात
बोरगावे मालकांकडे दिवाणजी.
हळदीचं पोतं काट्यावर चढतं, तोलणारा आकडा सांगतो,
मी लिहितो.
एवढंच काम.
ऐकणं आणि लिहिणं यांच्यामध्ये
बोटभर जागा आहे. तिथून मी निसटतो.

टेम्पो मागे घेतायत, त्याचा हॉर्न नवीन दिसतोय.
मारुती हमालाच्या पाठीवरचं पिवळं घामानं फुटलंय,
नकाशातल्या नदीसारखं,
कृष्णा नाही, ही दुसरीच कुठली तरी, हिला फाटे जास्त.
पिवळ्यावरून आठवलं, पोरीचा पिवळ्या हाऊसचा टी-शर्ट
अजून इस्त्रीवाल्याकडंच

"मगदूम, किती लिहिलं?"
बावन्न पाचशे.
"ते मागचं होतं की."

मागचं.
मी नेहमी मागच्या पोत्यापाशी असतो
नाहीतर पुढच्या.

मालक ओरडत नाहीत. चष्मा काढून पुसतात.
ओरडणं परवडलं असतं.
वर पुराच्या रात्रीची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतात:
पाणी दाराशी आलेलं, लाईट गेलेली,
आणि ह्या मगदूमनं तीनशे बारा पोती माळ्यावर चढवून घेतली,
पहाटेपर्यंत एक आकडा चुकला नाही!
मग माझ्याकडं वळून, प्रेमानंच,
"तेव्हा जमलं, मग आता काय होतंय रे?"
ह्याला उत्तर नाही माझ्याकडं.
रोज पूर मागता येत नाही.

त्रिशलानं मिरजेला नेलं.
डॉक्टरीणबाईंनी संगणकासमोर बसवलं.
अक्षरं येतील, बटण दाबत राहायचं,
'क' आला की मात्र हात आवरायचा.
चौदा मिनिटं.
दुसऱ्या मिनिटाला जंक्शनवर इंजिन जोडल्याचा धक्का ऐकू आला.
चौथ्याला मी डबे मोजत होतो, न दिसणारे.
मग 'क' आला, पुन्हा आला,
आणि दर वेळी बोटानं
मला न विचारता उत्तर दिलं.

बाईंनी आलेख दाखवला. सुरुवातीला रेघ शहाणी,
पुढं पुढं चरायला सोडलेल्या शेरडांसारखी.
त्यांनी चार इंग्रजी अक्षरं सांगितली. म्हणाल्या,
"लहानपणापासून असणार. कुणाच्या लक्षात आलं होतं का?"
माझ्या तोंडून भोकरे मास्तरांचं नाव निघून गेलं.
त्यांनी ते लिहूनही घेतलं.

येताना विश्रामबागेला उतरायचं होतं,
बोलत बोलत सांगली स्टँडला उतरलो.
दोघंही. त्रिशला हसत सुटली, मग रडली थोडी,
मग आम्ही भडंग घेतलं.

सकाळी एक गोळी.
खाल्ली का नाही ते पाकीट मोजून बघतो.
खोट निम्म्यावर आलीय. निम्मी आहेच.

आई बस्तीत सामायिकाला बसायची,
वाळूचं घड्याळ पुढ्यात. अठ्ठेचाळीस मिनिटं.
मला शेजारी बसवायची.
मध्येच डोळे न उघडता विचारायची, "कुठं गेला होतास?"
मी सगळं सांगायचो: खांबावरची मुंगी,
कुणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा,
समुद्राला तळ असतो का.
ती ऐकून घ्यायची.
"जाऊन आलास न्हवं? मग बस."

ते घड्याळ आता माझ्याकडं आहे.
आज पहाटे उलटं केलं आणि बसलो.
अकराव्या मिनिटाला उठलो,
गॅस चालू राहिलाय असं वाटलं म्हणून.
गॅस बंदच होता.
आलोच आहे तर चहाचं आधण ठेवलं,
ते ठेवून परत आलो.
वाळू अजून पडत होती.